गाडी बदलण्याची जागा

नागपूरच्या सीताबर्डी मेट्रो स्थानकाच्या नावापुढे 'इंटरचेंज' हा शब्द जोडलेला आहे. त्याला मराठीत काय म्हणावं, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. 'अदलाबदल' म्हटलं तर भांड्यांच्या दुकानाची आठवण येते. 'संगम' म्हणावं, तर नद्या एकदा मिळाल्या की पुन्हा वेगळ्या होत नाहीत. इथं मात्र गाड्या एकमेकींना ओलांडून आपापल्या वाटेनं निघून जातात. शेवटी आमच्या मोहर्लीतल्याच एका म्हाताऱ्या बाईनं हा प्रश्न सोडवला. नागपूरला जाऊन आल्यावर ती आपल्या सुनेला सांगत होती, "तेथी गाडी बदलाची जागा हाये." मला वाटतं, यापेक्षा नेमका शब्द मिळणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मोहर्ली म्हणजे ताडोबाच्या दारातलं गाव. तिथं रेल्वे नाही, मेट्रो तर फार दूरची गोष्ट. मग मोहर्लीच्या माणसानं शहरातल्या स्थानकावर बोलायचं काय कारण? कारण असं आहे की, शहराचं जंक्शन शहरातल्या माणसापेक्षा बाहेरून येणाऱ्याला जास्त लागतं. शहरातल्या माणसाला गल्लीबोळ ठाऊक असतात, त्याच्या घरी स्कूटर असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून दवाखान्याला, कोर्टाला, मोर्चाला, दीक्षाभूमीला किंवा ताजबागच्या उर्सला निघालेल्या माणसाची मात्र शहराशी पहिली गाठ पडते ती स्टेशनवर. स्टेशन त्याला कसं वागवतं, त्यावरून तो शहराची पारख करतो.

मी बी. ए. झाल्यावर अनेक वर्षं लाकडाच्या डेपोत हिशेब लिहिले. लाकडाचा घेर आणि लांबी मोजण्याची सवय लागल्यामुळे असेल, रेल्वेकडे पाहतानाही माझं लक्ष आधी मापाकडे जातं. दोन रुळांमधल्या अंतराला 'गेज' म्हणतात. गाडी बदलावी का लागते, याचं निम्मं उत्तर या गेजमध्ये दडलेलं आहे. आपल्या नेहमीच्या रेल्वेचं गेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. नागपूर मेट्रोचं गेज १४३५ मिलिमीटर, ज्याला जगभर स्टँडर्ड गेज म्हणतात. आणि आमच्या नागभीडवरून नागपूरला जाणारी ती चिमुकली, डुलतडुलत चालणारी गाडी? तिचं गेज होतं ७६२ मिलिमीटर, जेमतेम अडीच फूट. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली ती नॅरो गेज गाडी रुळांच्या रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली. त्याआधी, १८८० च्या दशकाच्या आरंभी, नागपूरहून छत्तीसगडकडे एक मीटर गेज मार्गही निघाला होता. पुढे बंगाल नागपूर रेल्वेनं तो रुंद करून घेतला. म्हणजे पहा, एका नागपूरनं चार मापांचे रूळ पाहिले. ज्या गाड्यांचं माप जुळत नाही, त्या एकमेकींच्या रुळांवर जाऊ शकत नाहीत. गाडी जात नाही, तेव्हा माणसानं उतरून जायचं. पूर्वी मालाचंही तसंच होई. एका मापाच्या डब्यातून पोती उतरवायची, हमालांच्या पाठीवरून न्यायची आणि दुसऱ्या मापाच्या डब्यात भरायची. दोन मापांमधला फरक शेवटी कुणाच्या तरी पाठीवरच येतो. गाडी बदलण्याची जागा नीट बांधायची असते ती हा भार कमी करण्यासाठी.

नागपूरला रेल्वे आली १८६७ साली, मुंबईकडून. ती आणली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं. हेतू उघड होता, वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईच्या बंदरात न्यायचा. पुढच्या दहा वर्षांत आमच्या जिल्ह्यातल्या वरोऱ्यापर्यंत रूळ पोचले ते दगडी कोळशासाठी. जमशेदजी टाटांनी आपली एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरात काढली. तिथं जवळ कापूस होता, बाजार होता आणि वरोऱ्याचा कोळसाही हाताशी होता. १ जानेवारी १८७७ रोजी ही मिल सुरू झाली. म्हणजे आज जिथं 'कॉटन मार्केट' नावाचं मेट्रो स्थानक आहे, त्या भागाच्या नशिबात आमच्या मातीतल्या कोळशाचाही वाटा आहे. मिल २००२ साली कायमची बंद पडली. कॉटन मार्केटात आता भाजीचा घाऊक बाजार भरतो. कापूस गेला, नाव तेवढं उरलं.

स्टेशनची आजची जुनी दगडी इमारत सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेली आहे. १५ जानेवारी १९२५ रोजी मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन मोठे मार्ग नागपूरला एकमेकांना छेदतात. स्टेशनजवळ रूळ जिथं चौकोनी कापले जातात, त्या जागेला 'डायमंड क्रॉसिंग' म्हणतात आणि लोक ती मुद्दाम पाहायला जातात.

पण या रुळांनी एक गोष्ट केली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. त्यांनी नागपूर मुंबईला जोडलं, कलकत्त्याला जोडलं आणि खुद्द नागपूरचे मात्र दोन भाग केले. पश्चिमेला सीताबर्डीचा किल्ला, जिथं २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. किल्ल्याच्या आसपास टेकडीचा गणपती, झिरो माइलचा खांब, विधानभवन, सिव्हिल लाइन्स. पूर्वेला संत्रा मार्केट, मोमिनपुरा, गांधीबाग, इतवारी, महाल. पश्चिमेला साहेबांचं आणि कचेऱ्यांचं नागपूर, पूर्वेला विणकरांचं, व्यापाऱ्यांचं आणि भोसल्यांचं नागपूर. मधे रूळ. ओलांडायचे तर लोहापूल, पुढे कधी रामझुला असे मोजकेच रस्ते, आणि तिथं सकाळ-संध्याकाळ गाड्यांची दाटी.

मला या फाळणीचा अनुभव आहे तो कवितेच्या निमित्तानं. मराठी कविसंमेलन असलं की आम्ही जमायचो झाशी राणी चौकात, विदर्भ साहित्य संघाकडे. उर्दू मुशायरा असला की मोमिनपुऱ्यात. मी मराठीत लिहितो. पण घरात उर्दू कानांवर पडत आली, म्हणून दोन्हीकडे जाणं व्हायचं. दोन्ही ठिकाणं तशी जवळच. तरी एका संध्याकाळी दोन्हीकडे हजेरी लावायची म्हणजे ऑटोवाल्याशी घासाघीस आणि पुलावरची खोळंब्याची अर्धी तासिका ठरलेली. इकडचा रसिक तिकडे आणि तिकडचा इकडे क्वचितच दिसायचा. त्याला सगळी कारणं काही रस्त्याची नव्हती, पण रस्ता हेही एक कारण होतंच. आता मेट्रोत बसलं की झाशी राणी चौकानंतर सीताबर्डी, मग कॉटन मार्केट, मग नागपूर रेल्वे स्टेशन आणि चौथं दोसर वैश्य चौक. तिथं उतरलं की मोमिनपुरा जवळच. भाषांमधलं अंतर गाडीनं कमी होत नाही, हे खरं. पण 'फार लांब पडतं हो' हे कारण तरी राहत नाही.

मेट्रोची ही रचना समजून घेण्यासारखी आहे. २१ ऑगस्ट २०१४ रोजी तिचं भूमिपूजन झालं. पहिल्या टप्प्यात सुमारे ३८ किलोमीटरच्या दोन मार्गिका आहेत. नारिंगी मार्गिका उत्तर-दक्षिण जाते, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी. ॲक्वा मार्गिका पूर्व-पश्चिम, प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर. खापरी ते सीताबर्डी हा भाग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला, लोकमान्यनगर ते सीताबर्डी जानेवारी २०२० मध्ये. रुळांच्या पलीकडचं, म्हणजे पूर्वेचं नागपूर मात्र ११ डिसेंबर २०२२ रोजी जोडलं गेलं. त्यासाठी आनंद टॉकीजजवळ रेल्वेच्या रुळांवरून पूल न्यावा लागला. खालून रेल्वे धावत असताना मधे खांब उभे करता येत नाहीत. म्हणून दोन बाजूंच्या खांबांपासून थोडा थोडा पूल हवेत पुढे सरकवत आणायचा, एका बाजूचं वजन दुसऱ्या बाजूनं तोलत राहायचं आणि शेवटी मधोमध सांधायचं, अशी ती पद्धत. तराजूची दोन पारडी सांभाळावीत तसं. गड्डीगोदामला याहून गमतीचं दृश्य आहे. तिथं सगळ्यांत खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. एकावर एक चार वाटा.

या दोन मार्गिका एकमेकींना ओलांडतात त्या बर्डीवर, मुंजे चौकात. ही झाली मेट्रोतून मेट्रोत बदलण्याची जागा. इथलं काम सोपं आहे. गाड्या वेगवेगळ्या मजल्यांवर येतात. प्रवाशानं सरकत्या जिन्यानं किंवा लिफ्टनं वर-खाली जायचं. दुसरं तिकीट नाही, पुन्हा तपासणी नाही. दोन्ही गाड्या एकाच संस्थेच्या आहेत, म्हणून हे जमतं.

खरी परीक्षा आहे ती रेल्वेतून मेट्रोत जाताना. इथं दोन संस्था, दोन तिकिटं, दोन मापं. शिवाय एक व्यवहारातली गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नागपूर स्टेशनचा जुना, दगडी कमानींचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे आणि मेट्रो स्थानक आहे पूर्वेला, संत्रा मार्केटच्या बाजूला. सवयीनं पश्चिमेकडून बाहेर पडणाऱ्याला मेट्रो दिसत नाही. त्याला दिसतात ऑटोवाले. मोहर्लीहून जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, "मेट्रो पकडायची असेल तर संत्रा मार्केटकडे उतरा." दुसरी गोष्ट वेळेची. लांब पल्ल्याच्या गाड्या रात्रभर येत-जात असतात आणि मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते. गाडीला दोन तास उशीर झाला की जोडणी तुटलीच. तिसरी गोष्ट सामानाची. मेट्रोत सामानाच्या आकाराला आणि वजनाला मर्यादा असते. तांदळाचं पोतं घेऊन लेकीकडे निघालेल्या सिंदेवाहीच्या शेतकऱ्याला हा नियम कुणीतरी आधी सांगायला हवा.

सुरुवातीला ज्या बाईंचा उल्लेख केला, त्यांच्याबरोबर मी एकदा नागपूरला गेलो होतो. आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणतो. चंद्रपूरहून गाडीत बसलो. भांदक, वरोरा, हिंगणघाट, सेवाग्राम करत नागपूर आलं. आत्याला डोळे दाखवायचे होते. दादरा चढताना मधेच थांबून त्या म्हणाल्या, "भाऊ, अजून कित्ती चढाचा हाये जी?" मी म्हटलं, "आता सरकता जिना आहे आत्या, उभं राहायचं फक्त." त्यांनी त्या जिन्याकडे पाहिलं आणि साध्या जिन्याला हात लावला. "ह्याचा भरोसा हाये," म्हणाल्या. आम्ही पायऱ्यांनीच वर गेलो. गाडीत बसल्यावर मात्र त्या खिडकीला डोकं टेकून खालचे रूळ पाहत राहिल्या. "आपन याच्यावरूनच आलो ना?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी आम्हाला जायचं होतं मेयो रुग्णालयात. मेयो दोसर वैश्य चौकाजवळ, म्हणजे रेल्वे स्टेशनच्या पुढचंच स्थानक. मेट्रोची जोडणी इथं खऱ्या अर्थानं कामाला येते. पण आमच्या भागातले कितीतरी रुग्ण 'मेडिकल'ला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले जातात. ते दोन्हींपैकी कुठल्याच मार्गिकेवर नाही. तिथं जायला ऑटो किंवा सिटी बस. मिहानमधल्या एम्सला जायचं तर खापरीपर्यंत मेट्रो आणि पुढे पुन्हा दुसरं वाहन. नकाशावर रंगीत रेघ ओढली म्हणजे प्रवास संपत नाही. शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा तुकडाच आजारी माणसाला सगळ्यांत जड जातो.

गाडी बदलण्याच्या जागेची आणखी एक कसोटी असते, गर्दीची. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. हा पूल पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचं परळ यांना जोडणारा, म्हणजे गाडी बदलणाऱ्यांचाच. भोवतालच्या गिरण्या जाऊन कचेऱ्या आल्या, माणसं वाढली. जिना तेवढाच राहिला. नागपूरला तर याआधीची एक जखम आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन विधानभवनाकडे आला होता. पोलिसांच्या लाठीमारानंतर जी चेंगराचेंगरी झाली, तिच्यात ११४ माणसं मेली. त्यात बाया आणि मुलं खूप होती. विदर्भाच्या गावागावांत दुसऱ्यांची गुरं राखणारी ही माणसं. आमच्याकडची, ओळखीची. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे आणि बर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव दिलेलं आहे. मेट्रोचं झिरो माइल स्थानक तिथून जवळच आहे. गर्दी होणं थांबवता येत नाही. नागपूरला अधिवेशन भरणार, मोर्चे येणार, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक उतरणार. त्यांना बाहेर पडायला रुंद वाट आहे की नाही, हे मात्र आधी ठरवता येतं. स्टेशन बांधणाऱ्यानं किती माणसं आत येतील हे मोजावं. पण घाबरलेली माणसं किती वेळात बाहेर पडतील, हे आधी मोजावं.

नागपूरचं एवढं सांगितलं, आता घरचं सांगतो. खुद्द चंद्रपूर शहरात दोन रेल्वे स्टेशनं आहेत. एक चंद्रपूर, मध्य रेल्वेचं, दिल्ली-चेन्नई मार्गावरचं. दुसरं चांदाफोर्ट, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, गोंदिया मार्गावरचं. हे दोन मार्ग एकमेकांना मिळतात ते पुढे बल्लारशाहला. नागभीड, मूलकडून आलेल्या माणसाला चंद्रपूर स्टेशनवरची गाडी पकडायची तर ऑटो करून शहर ओलांडावं लागतं. दोन स्टेशनं एका गावात असणं म्हणजे जोडणी असणं नव्हे. आणि गडचिरोली जिल्ह्यात तर वर्षानुवर्षं वडसा हे एकच स्टेशन. वडसा ते गडचिरोली या ५२ किलोमीटरच्या मार्गाचं काम हाती घेतलं आहे, ही समाधानाची गोष्ट. पण गाडी येईल तेव्हा स्टेशनसमोर एस. टी. उभी असेल का, हा प्रश्न आजच विचारून ठेवायला हवा.

आमच्या भागात आणखी एक प्रवासी आहे, जो तिकीट काढत नाही. गोंदिया-चांदाफोर्ट मार्ग जंगलातून जातो. पूर्वी त्यावर नॅरो गेजची गाडी चाले. नव्वदच्या दशकात तो रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्ली वनपरिक्षेत्रात जुनोन्याजवळ याच रुळांवर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. वाघाची वाट आणि गाडीची वाट तिथं एकमेकींना छेदतात. मात्र ओलांडण्याची जागा कुणी बांधलेली नव्हती. ती बांधता येते, याचं उदाहरण दूर नाही. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, पेंचच्या जंगलात, रस्ता उचलून प्राण्यांसाठी खालून वाटा ठेवल्या आहेत. त्यातली सर्वांत मोठी ७५० मीटर रुंद आहे. तिथं लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ आरामात जाताना दिसले. मुंजे चौकात एक गाडी दुसरीच्या डोक्यावरून जाते ते आणि पेंचमध्ये वाघ मोटारींच्या खालून जातो ते, तत्त्व एकच आहे. एकाच्या वेगानं दुसऱ्याची वाट बंद होता कामा नये.

११ डिसेंबर २०२२ रोजीच नागपूर आणि अजनी या दोन रेल्वे स्थानकांच्या पुनर्विकासाचीही पायाभरणी झाली. खर्चाचे आकडे होते अनुक्रमे सुमारे ५९० आणि ३६० कोटी रुपये. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला, ४३.८ किलोमीटरच्या, त्याच महिन्यात केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. अजनीला मोठं बहुवाहन स्थानक उभारण्याची कल्पना निघाली, तेव्हा रेल्वे वसाहतीतली हजारो झाडं जाणार म्हणून नागपूरकर रस्त्यावर उतरले होते. मला त्या आंदोलनाचं कौतुक वाटलं. जंगलाबाहेरच्या माणसांनीही झाडाला प्रवाशाइतकंच मोल द्यावं, ही मोठी गोष्ट आहे.

कोट्यवधींची कामं होतील, काचेच्या भिंती येतील, सुंदर दिवे लागतील. ते सगळं हवंच. पण माझी मोजपट्टी डेपोतली आहे, साधी. एका गाडीतून उतरून दुसरीत बसेपर्यंत सत्तरीच्या बाईला किती पायऱ्या चढाव्या लागल्या? ज्याला अक्षरं वाचता येत नाहीत, त्याला रंगावरून, खुणेवरून किंवा आवाजावरून वाट सापडली का? रात्री उशिरा आलेल्या माणसाला शेवटच्या टप्प्यासाठी वाजवी भाड्यात वाहन मिळालं का? या तीन प्रश्नांना बरी उत्तरं मिळाली, तर ती गाडी बदलण्याची जागा. नाहीतर मग ते नुसतंच दोन वाटांचं एकमेकींना कापणं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)